सांगलीच्या विश्रामबागेतला नवा टू बीएचके : अकरा महिने राहिल्यावर

ताबा मिळाला तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण तेव्हा नुसतं कौतुक झालं असतं. रंगाचा वास जाईपर्यंत सगळेच फ्लॅट चांगले असतात. दसऱ्याला राहायला आलो, आता गणपती उठले. उन्हाळा झाला, पावसाळा झाला, नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर चढले. आता बोलायला हरकत नाही.

पाच मजली इमारत, आम्ही तिसऱ्यावर. विलिंग्डन कॉलेजपासून चालत दहा मिनिटं. रात्री सामसूम झाली की विश्रामबाग स्टेशनातून जाणारी गाडी ऐकू येते. पहिले पंधरा दिवस झोपमोड झाली, आता गाडी लेट असली तर जाग येते.

आधी पैशाचं. बुकिंगला भाव सांगितला 4,600 रुपये फूट, आणि फूट 945. हे 945 म्हणजे 'सेलेबल'. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं आलं. करारात रेरामुळं, म्हणजे घरखरेदीच्या कायद्यामुळं, कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) लिहावाच लागतो, तो निघाला 683, बाल्कनी वेगळी. मी टेप घेऊन खोल्या मोजल्या तर भरल्या 655. भांडायलाच निघालो होतो, वकील मित्रानं थांबवलं. 2016 च्या रेरा कायद्यात आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्येच धरतात, बाहेरच्या भिंती तेवढ्या सोडतात. म्हणजे 28 फूट भिंतींनी खाल्ले आणि तक्रारीला जागा नाही.

मूळ किंमत झाली 43 लाख 47 हजार. 45 लाखांच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात 90 चौरस मीटर कार्पेटच्या आत घर असेल तर जीएसटी 1 टक्का, असं ऐकून आम्ही खूश. पण त्या 45 लाखांत पार्किंगचे 2 लाख आणि वीज-ट्रान्सफॉर्मरचे 1 लाख 20 हजारही मोजतात, हे चौथ्या भेटीत कळलं. आकडा गेला 46 लाख 67 हजारांवर, जीएसटी झाला 5 टक्के, म्हणजे 2 लाख 33 हजार. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्याजोगी झाल्याचा दाखला, आल्यावर घेतलं असतं तर हा पैसा लागलाच नसता. अर्थात तोवर भाव तिथंच थांबला असता याची खात्री कोण देणार? बायकोच्या एकटीच्या नावावर घेतल्यानं मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचला, नोंदणीला 30 हजार गेले. सगळं धरून 52 लाखांच्या घरात पडलं. त्याला 683 नं भागा. साडेसात हजारांच्या वर फूट! पै-पाहुणे अजून विचारतात, 'कितीनं बसला?' आणि आमचे अण्णा अजून 4,600 च सांगतात.

पार्किंगच्या 2 लाखांत जे मिळालं ते दोन खांबांच्या मधोमध आहे. गाडी आत घातली की उजवं दार टीचभर उघडतं. अण्णांना गेटपाशी उतरवून मग गाडी लावायची आणि मी स्वतः डाव्या दारानं बाहेर यायचं, ही रोजची कसरत.

खरा मनस्ताप दिला बाथरूमनं. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, अंघोळीचं पाणी जाळीकडं न जाता दाराकडं येतंय. उंबऱ्याला तळं साचायचं, बाहेरचं पायपुसणं कायम ओलं. साइटवरच्या सुपरवायझरनं पाहिलं आणि म्हणाला, 'साहेब, ढाळ आहे, तुम्ही पाणी जास्त वापरताय.' मी पोराच्या डब्यातली काचेची गोटी आणली आणि जाळीजवळ ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग आरामात घरंगळत दाराशी येऊन टेकली. तिघांनी पाहिलं, कुणी काही बोललं नाही. तरीही दुरुस्ती 'पुढच्या आठवड्यात'च राहिली. शेवटी लेखी पत्र दिलं. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, हे रेरातच आहे, ते कलमासकट लिहिलं. अठराव्या दिवशी गवंडी आला. फरशा काढल्या, ढाळ करून परत बसवल्या. रंग थोडा वेगळा आहे, पण मी गप्प बसलो. ताबा घ्यायला जाल तेव्हा पेढ्यांबरोबर एक गोटी आणि एक बादली न्या. तिथं सह्या करायची घाई करू नका, मी केली होती.

पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल आली, तिचं पत्रही गेलंय. बाकी उजेड भरपूर, संध्याकाळचा वारा झकास, आणि स्वयंपाकघराला लागून कोरडी बाल्कनी आहे म्हणून घरात शांतता आहे. लिफ्ट दोनदा अडकली. देखभाल महिना 2,200.

गुंतवणूक म्हणून पाहायचं तर समोरचा असाच फ्लॅट 13 हजारांनी भाड्यानं गेलाय. वर्षाचे 1 लाख 56 हजार, देखभाल वजा केली तर 1 लाख 30 हजारांच्या खाली. 52 लाखांवर हे अडीच टक्के झाले. बँकेत ठेव ठेवली असती तर दुप्पट सुटले असते. भाड्याच्या आशेनं घेणार असाल तर मी नको म्हणेन.

पण आम्ही सांगलीकर फूट दोन प्रकारचे मोजतो. एक कार्पेटचे, दुसरे आयर्विनचे. आमचं जुनं घर गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडं पोरांनाही पाठ असतं. 2019 ला ते 57 च्या घरात गेलं, 2021 ला 54 च्या वर. जुन्या घराच्या मधल्या खोलीत 2019 ची रेघ अजून आहे, तीनदा रंग देऊनही ती पावसाळ्यात उमटते. त्या रेघेखालचं काय काय गेलं याची यादी आईला तोंडपाठ होती: दोन पिंपं धान्य, शिलाई मशीन, लग्नाचा अल्बम. जूनच्या मध्यापासून आमच्या घरात कोणी नीट झोपायचं नाही. वरच्या कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, खालच्या अलमट्टी धरणातून किती पुढं जातंय, याच गप्पा. कपाटाचा खालचा कप्पा जूनमध्येच रिकामा व्हायचा.

यंदा जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा मी सवयीनं रात्री दोनला मोबाइल उघडला, फूट पाहिले, आणि मग लक्षात आलं की उचलून वर ठेवायचं असं आपल्याकडं काहीच नाही. परत झोपलो. 52 लाखांतले किती या झोपेचे, ते मला काढता येत नाही. अण्णांना मात्र झोप नव्हतीच. ते पहाटे रिक्षा करून गावभागात गेले, कुलूप उघडून घरात बसून आले. ते घर विकायचा विषय त्यांच्यासमोर काढायची सोय नाही.

त्याच आठवड्यात सांगलीवाडीहून आत्या आली. एक पिशवी, त्यात कागदपत्रं, दोन लुगडी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. पाणी उतरलं, बाळकृष्ण घेऊन ती परत गेली, पिशवी आमच्या माळ्यावरच राहिली. फोन करून आठवण केली तर म्हणाली, 'असू दे रे तिथंच. पुढच्या वर्षी परत वाहून कोण आणणार?'