१९३० चे रिव्हॉल्व्हर आणि १९४१ चा शिक्का

गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, मी ३८ हजार रुपये रोख मोजून एक जुने लष्करी रिव्हॉल्व्हर घेतले. ते जुने नव्हते, लष्करी नव्हते आणि मुळात रिव्हॉल्व्हरही नव्हते, हे कळायला मला पाच आठवडे लागले. विकणारा सोलापुरातील नाणी आणि पदके जमवणाऱ्या मंडळींतच वावरतो, म्हणून हे लिहीत आहे.

तो एका स्नेह्यांच्या ओळखीने घरी आला होता. त्याचे म्हणणे असे, की मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा येथे आलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचे हे शस्त्र असून, जाताना त्याने ते आपल्या खानसाम्याला बक्षीस दिले. मुठीवर पितळी पट्टी होती आणि तिच्यावर इंग्रजीत, शहराच्या नावाच्या जुन्या धाटणीने, ‘शोलापूर १९३०’ असे कोरलेले होते. ज्या गावात दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचे स्मरण केले जाते, त्या गावच्या माणसाला अशी पट्टी दाखवली की तो पुढचे काही नीट पाहत नाही. मीही पाहिले नाही.

नळीत शिसे ओतले आहे, तेव्हा परवाना लागत नाही, असेही त्याने सांगितले. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ४५ व्या कलमात जुन्या वस्तूंना सूट आहे हे खरे. परंतु ती दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी झाडता येणार नाही अशा शस्त्रापुरतीच आहे, आणि बुजवलेली नळी त्यात बसते की नाही हे विकणाऱ्याने ठरवायचे नसते. वस्तू अस्सल निघाली असती तर पैशांबरोबर मीही अडकलो असतो.

खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. चौकटीच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘एनफील्ड’, ‘नंबर २’, ‘मार्क १’ आणि एक चांदणी, व सर्वांत खाली १९४१ हे साल, असा सगळा शिक्का होता. सालाबद्दल मी विचारले. ‘साहेब, ते कारखान्यात पुन्हा तपासणी झाली ते साल,’ असे उत्तर त्याने पापणी न हलवता दिले आणि मला ते पटले.

फेब्रुवारीत, लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी केलेल्या आमच्या शेजारच्या काकांना मी ते कौतुकाने दाखवले. त्यांनी भिंगही मागितले नाही. ‘घोडा मागे ओढायचा आकडा कुठे आहे?’ एवढेच त्यांनी विचारले. एनफील्ड नंबर २ हे .३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सेनेत १९३२ मध्ये आले. अंगठ्याने ओढायचा आकडा काढून टाकलेला, केवळ चाप दाबून चालणारा आणि चांदणीने ओळखला जाणारा त्याचा प्रकार तर १९३८ चा. १९३० च्या अधिकाऱ्याच्या कमरेला असतीच तर बहुधा .४५५ बोअरची, सहा इंची नळीची, १९१५ पासून चालत आलेली वेब्ली मार्क ६ असती. म्हणजे त्याची गोष्ट खोटी ठरवणारी तारीख त्याच्याच वस्तूवर होती; मी मात्र पितळेची पट्टी वाचत बसलो.

मग काकांनी स्वयंपाकघरातून फ्रिजवरचे लोहचुंबक आणवले. ते चिकटले नाही. नळीवरून एक पुसट शिवण गेली होती आणि शिक्क्यांच्या कडा साबणाच्या वडीवरील अक्षरांसारख्या बोथट होत्या, कारण पोलादावर ठोकलेला शिक्का धारदार उतरतो आणि साच्यातून ओतलेला तसा उतरत नाही. कोणत्या तरी अस्सल नगावरून साचा घेऊन ओतलेली ती नक्कल होती, आणि साच्याबरोबर १९४१ ही आपोआप उतरले होते.

पोलिसांत अर्ज दिला आहे. पावती नाही, रोख व्यवहार, आणि विकणाऱ्याचा फोन बंद, त्यामुळे अर्ज अर्जच राहिला आहे.

मागच्या महिन्यात अक्कलकोटच्या एका परिचितांनी मोबाइलवर फोटो पाठवून ‘हे घ्यावे का?’ असे विचारले. तीच घडण, तोच १९४१ चा शिक्का, मुठीवर नवी पट्टी. या खेपेस ते शस्त्र सप्टेंबर १९४८ च्या, हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईत सोलापूरकडून नळदुर्गावर गेलेल्या एका अधिकाऱ्याचे होते. निदान साल तरी आता जुळते. मी त्यांना फोन करून आधी लोहचुंबक लावून पाहायला सांगितले.