मायग्रेशन: एका झटक्यात की वाचता वाचता?

मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये 'अल्टर टेबल' (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) नाही, म्हणजे मायग्रेशनची, जुना डेटा नव्या रचनेत आणण्याची, कटकटही नाही, असं वाटतं खरं. पण स्कीमा, म्हणजे डेटाची रचना, असतोच, फक्त तो कोडमध्ये दडलेला असतो. समजा, पूर्ण नावाच्या एका फील्डमधून आडनाव वेगळं काढायचंय.

पहिला मार्ग म्हणजे स्क्रिप्ट चालवून सगळी डॉक्युमेंट्स (म्हणजे नोंदी) बदलून टाकायची. ४.२ आवृत्तीपासून अपडेटमध्येच अ‍ॅग्रिगेशन पाइपलाइन (डेटावर एकामागून एक प्रक्रिया करणाऱ्या पायऱ्या) देता येते, त्यामुळे डेटा अ‍ॅप्लिकेशनपर्यंत ओढावा लागत नाही. काम झालं की कोडही सुटसुटीत राहतो. पण मोठ्या कलेक्शनवर (डॉक्युमेंट्सच्या गटावर) ऑपलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, भराभर भरतो, सेकंडरी, म्हणजे डेटाची प्रत ठेवणारे सर्व्हर, मागे पडू शकतात. 'सगळं किंवा काहीच नाही' ही हमी एकेका डॉक्युमेंटपुरतीच असते. मध्येच गाडी अडली की अर्धी जुनी, अर्धी नवी. अनेक बदल एकत्र बांधणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळावं, तर तिची मूळ मुदत ६० सेकंदांची! म्हणून तुकडे पाडा आणि पुन्हा चालवली तरी बिघडणार नाही अशीच स्क्रिप्ट लिहा.

दुसरा मार्ग लेझी मायग्रेशनचा. डॉक्युमेंटमध्ये आवृत्ती क्रमांक ठेवायचा, वाचताना जुनं दिसलं की बदलायचं, सेव्ह करताना नवं लिहायचं. सेवा थांबत नाही. मात्र आडनावावर क्वेरी (शोध) केली की जुनी डॉक्युमेंट्स निकालातून गुपचूप गळतात. वर्षानुवर्षं न उघडलेली डॉक्युमेंट्स तर तशीच पडून राहतात.

क्वेरी फक्त आयडीवर असतील तर लेझी चालेल. एरवी मी आधी दोन्ही रूपं वाचणारा कोड चढवेन, मागे संथपणे स्क्रिप्ट चालवेन, आणि जुन्या डॉक्युमेंट्सची मोजणी शून्यावर आली की जुना कोड उडवेन.