बारा अक्षरांचा हिशेब : फ्रेंच काव्यविश्लेषणाच्या एका अभ्यासक्रमाविषयी

फ्रेंच कविता विद्यापीठाच्या पातळीवर शिकायची असेल तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. कोकण किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात चालणारा काव्यविश्लेषणाचा एका सत्राचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याच्या उणिवा जमेस धरूनही मी तो मनापासून सुचवेन, कारण कवितेबद्दल मत मांडण्याआधी तिची अक्षरे मोजायला तो भाग पाडतो.

सुरुवातीचे वर्ग केवळ छंदाला दिलेले आहेत. फ्रेंच पद्यातली सर्वांत प्रतिष्ठित ओळ म्हणजे अलेक्झांद्रँ. तिच्यात बारा अक्षरे असतात आणि अभिजात रूपात सहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे ओळीतला विराम, येतो. फ्रेंच कवी बोदलेरच्या समुद्रावरच्या कवितेची पहिली ओळ शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर तोडून दाखवली : ऑम-म-ली-ब्र-तू-झूर, त्यू-शे-री-रा-ला-मेर. यातले पहिले दोन शब्द बोलताना दोन अक्षरांत संपतात; पद्यात मात्र त्यांची चार होतात, कारण शब्दाच्या शेवटी असलेला मूक ‘अ’ पुढे व्यंजन आले की मोजला जातो आणि स्वर आला की गळतो. ओळीच्या अखेरीस तो मोजत नाहीत. हा नियम अंगवळणी पडेपर्यंत बाईंनी कोणालाही अर्थाबद्दल एक वाक्य बोलू दिले नाही, आणि ते योग्यच होते.

या शिस्तीचे फळ कवी पॉल व्हालेरीच्या ‘समुद्राकाठची दफनभूमी’ या 1920 सालच्या कवितेच्या वेळी दिसले. भूमध्य समुद्राच्या काठी असलेले सेत हे व्हालेरीचे जन्मगाव, आणि त्याच दफनभूमीत पुढे त्यालाही पुरले. कवितेची पहिली ओळ एका शांत छपराविषयी आहे, ज्यावर पारवे चालत आहेत. हर्णैच्या एका विद्यार्थिनीने लगेच सांगितले, “मॅडम, छप्पर म्हणजे समुद्र आणि पारवे म्हणजे शिडं. वारा पडला की दुपारी पाणी असंच दिसतं.” अर्थ अचूक होता. बाईंनी तो नाकारला नाही, पण विचारले, “कवितेत हे कुठे आहे, ते दाखव.” मग सहा ओळींचे एक अशी चोवीस कडवी, म्हणजे 144 ओळी, आम्ही क्रमाने वाचत गेलो. शेवटच्या ओळीत तेच छप्पर पुन्हा येते, आणि तेथे दाणे टिपणाऱ्या पारव्यांच्या जागी शिडेच असतात. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला जे डोळ्यांनी दिसले होते, त्याला मजकुरातला पुरावा मिळाला. त्या दिवसाइतके समाधान मला क्वचितच कुठल्या वर्गात मिळाले आहे.

कवी रँबोच्या 1870 मधल्या ‘दरीतला निजलेला’ या सुनीतावरही, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवरही, असेच काम झाले. हिरव्या दरीत उन्हात झोपलेल्या तरुण सैनिकाचे वर्णन तेरा ओळी चालते, आणि तेराव्या ओळीतले वाक्य तिथे न संपता चौदाव्या ओळीत उतरते, तेही केवळ ‘शांत’ एवढ्या एका शब्दापुरते. त्यानंतर पूर्णविराम, आणि मग उजव्या कुशीतली दोन तांबडी भोके. वाक्य ओळीबाहेर ढकलण्याच्या या युक्तीला परिभाषेत नाव आहे, पण नाव लिहून गुण मिळत नाहीत. तो शब्द तिथेच का ठेवला, हे सांगावे लागते.

सर्वांत मोठी उणीव मला वेगळ्याच ठिकाणी जाणवली. वर्गातले बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले, भुजंगप्रयाताचे चार य-गण शाळेत पाठ केलेले. भुजंगप्रयातातही बारा अक्षरेच असतात, परंतु तिथे लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो. फ्रेंचमध्ये तशी अट नाही, केवळ संख्या आणि यती यांना महत्त्व आहे. त्या दृष्टीने ही पद्धत आपल्या वृत्तांपेक्षा सहा-सहा-सहा-चार अशा अक्षरसंख्येवर चालणाऱ्या अभंगाला अधिक जवळची आहे. हे एका तासात समजावले असते तर पहिल्या काही आठवड्यांतली पुष्कळ धडपड वाचली असती. मराठीत सुनीत रुजवणाऱ्या केशवसुतांचे मालगुंड याच किनाऱ्यावर असताना सुनीताच्या पाठात त्यांचा उल्लेखही होऊ नये, याचे मला वाईट वाटले.

अभ्याससाहित्याकडे महाविद्यालयाने तातडीने लक्ष द्यायला हवे. टिपांसह छापलेल्या आवृत्त्या ग्रंथालयात नाहीत, आणि वाटलेल्या छायाप्रती इतक्या पुसट आहेत की स्वरांवरची चिन्हे दिसत नाहीत. ती चिन्हे नसतील तर उच्चारला जाणारा स्वर आणि मूक स्वर एकसारखेच दिसतात आणि अक्षरांचा सगळा हिशेब चुकतो. विसाव्या शतकाला फारच थोडे तास उरतात. मार्तिनिक बेटावरच्या एमे सेझेरसारखा कवी तर घाईत उरकला गेला.

परीक्षेत प्रस्तावना, दोन किंवा तीन भागांचे विवेचन आणि समारोप अशा ठरलेल्या साच्यात सविस्तर भाष्य लिहावे लागते. हा साचा फ्रान्समधल्या शिक्षणातूनच आलेला आहे आणि विचारांना वळण लावायला तो चांगला आहे; मात्र त्याचे मथळे आधी पाठ करून येणाऱ्यालाही येथे बरे गुण पडतात, ते पडू नयेत. अनोळखी कविता देऊन तोंडी परीक्षा घेतली तर ही पळवाट बंद होईल.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांचे फ्रेंच किमान बी-१, म्हणजे युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या मध्यम, पातळीचे असावे. त्याखाली शब्दकोशातच वेळ जातो. व्हालेरीची कविता स्वच्छ छापलेल्या प्रतीतून आधीच मिळवून ठेवावी आणि पहिल्या तासापूर्वी ती मोठ्याने वाचून पाहावी.