जत्रेच्या नाटकांची खबर देणारे ॲप : फोंड्यात पक्के, काणकोणात कच्चे

कार्तिकापासून गोव्यात देवळादेवळांतून जत्रा, काले आणि वर्धापनदिन सुरू होतात आणि त्यांच्यासोबत रात्रीची मराठी नाटकेही. कोणत्या गावात, कोणत्या रात्री, कोणते मंडळ कोणता प्रयोग करणार आहे, हे कळण्याच्या वाटा आजवर तीनच होत्या : देवस्थान समितीची छापील पत्रिका, तिठ्यावरचा फलक आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे त्या पत्रिकेचे अंधूक छायाचित्र. ही सगळी माहिती एका जागी आणणारे ॲप फोंड्याच्या चार मित्रमैत्रिणींनी तयार केले असून सध्या ते गूगल प्लेवर मर्यादित चाचणीच्या टप्प्यात आहे. नाव अजून ठरायचे आहे (गूगल प्लेवर नावाला 30 अक्षरांची मर्यादा आहे आणि चौघांची मते चार आहेत), म्हणून या परीक्षणात त्याचा उल्लेख नुसता ‘ॲप’ असाच केला आहे. चौघांपैकी एकाशी माझी जुनी ओळख आहे आणि चाचणी करणाऱ्यांच्या यादीत माझेही नाव आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

चौघांपैकी कोणीही व्यवसायाने प्रोग्रॅमर नाही. एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, एक दुकानांचे हिशेब लिहिणारा, एक प्राथमिक शिक्षिका आणि एक हौशी नाट्यमंडळात प्रकाशयोजना सांभाळणारा, असा हा मेळ आहे. गूगलचे फ्लटर हे मोफत साधन वापरून त्यांनी संध्याकाळच्या वेळात हे काम उभे केले. रूप साधे आहे आणि ते साधे ठेवल्याबद्दल त्यांना पहिले गुण द्यायला हवेत. उघडताच ‘आज’, ‘या आठवड्यात’ आणि ‘माझा तालुका’ असे तीन भाग दिसतात. प्रत्येक कार्यक्रमाच्या कार्डावर देवस्थान, तिथी, तारीख, नाटकाचे नाव, मंडळ आणि वेळ असते. अक्षर मोठे असल्यामुळे चष्मा शोधावा लागत नाही. कार्डाच्या तळाशी ‘गाडी कुठे लावाल’ अशी एक ओळ आहे, जी माझ्या मते संपूर्ण ॲपमधली सर्वांत उपयोगी ओळ ठरावी. ‘देवळाच्या कमानीपर्यंत जाऊ नका, परतताना गाडी वळवायला जागा नाही, अलीकडच्या शाळेच्या मैदानावर लावा आणि पायवाटेने या’ अशी सूचना तिथे जाऊन फसलेल्या माणसालाच सुचू शकते.

वेळेच्या रकान्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक कार्यक्रमाला वेळ भरणे सक्तीचे होते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नाटकापुढे ‘रात्री 10.00’ असे छापल्यासारखे येत असे. गोव्यातल्या जत्रेला एकदा तरी गेलेल्या माणसाला ठाऊक असते की पालखी प्रदक्षिणा घालून देवळात परतते, त्यानंतर पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, होते, पावणीत एखाद्या फणसावर किंवा नारळांच्या माळेवर दोन हौशी भाविकांची चढाओढ लागली तर ती लांबते आणि मगच पडद्यामागची तिसरी घंटा वाजते. दहाला येऊन खुर्ची धरणारा माणूस साडेअकरापर्यंत खाज्याचा पुडा संपवत बसतो. चाचणी करणाऱ्यांनी ही तक्रार केल्यावर चौघांनी वेळेच्या रकान्यात ‘पालखीनंतर’ आणि ‘पावणीनंतर’ असे दोन पर्याय घातले आणि सोबत ‘गेल्या वर्षी प्रत्यक्ष सुरुवात’ अशी ऐच्छिक नोंद ठेवली. बाहेरच्या एखाद्या मोठ्या कंपनीने केलेल्या कार्यक्रमांच्या ॲपमध्ये असा रकाना कधीही आला नसता. हौशी माणसांनी आपल्या परिसरासाठी केलेल्या वस्तूचे मोल अशा ठिकाणी कळते.

तिथीच्या बाबतीतही त्यांनी उशिरा का होईना, योग्य वाट धरली. आधी त्यांनी गेल्या वर्षीच्या तारखा काही दिवस मागेपुढे सरकवून यंदाच्या अंदाजी तारखा काढल्या होत्या. 2026 साली हा हिशेब कोसळतो, कारण 17 मे ते 15 जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यापुढचे सगळे उत्सव पुढे ढकलले जातात. 2025 मध्ये आषाढी एकादशी 6 जुलैला होती. 2026 मध्ये ती 25 जुलैला आहे. एकादशी होताच येणाऱ्या माशेलच्या चिखलकाल्यासाठी कोणी ॲपच्या भरवशावर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात देवकीकृष्णाच्या मैदानावर पोहोचला असता, तर त्याला चिखल मिळाला असता, काला नाही. आता तिथी पंचांगाच्या गणितावरून काढली जाते, तरी तेवढ्याने भागत नाही. सूर्योदयाला जी तिथी असेल तिच्यावरून दिवस धरणे ही सर्वसाधारण रीत असली, तरी कोजागरीसारख्या रात्रीच्या उत्सवाला रात्रीची पौर्णिमा लागते, आणि तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की प्रत्येक देवस्थान आपल्या परंपरेप्रमाणे निर्णय घेते. म्हणून गणिताने आलेल्या तारखेपुढे करड्या रंगात ‘अंदाजे’ आणि समितीला विचारून पक्की केलेल्या तारखेपुढे हिरव्या रंगात ‘खात्री केली’ असा शिक्का दिसतो. ही व्यवस्था चांगली आहे. करडा रंग उन्हात जवळजवळ दिसत नाही, तेवढा गडद करावा.

आता उणिवांकडे वळतो. गावाच्या नावाने शोधले असता फक्त गावाचेच नाव दिसते, तालुका दिसत नाही. ‘केरी’ असे लिहून पाहा : खालोखाल तीन ओळी येतात आणि तिन्हींवर ‘केरी’ एवढेच असते. एक फोंडा तालुक्यातली विजयादुर्गेची केरी, दुसरी सत्तरीतली आणि तिसरी तेरेखोलच्या मुखावरची पेडण्यातली. नकाशाचा दुवा दाबला की गाडी निमूटपणे ज्या केरीला निघते, ती आपली केरी असेलच याची हमी नाही. शोधाच्या चौकटीला शुद्धलेखनाचीही फार काळजी दिसते; ‘मडगाव’ सापडते, पण जुन्या सवयीने अनुस्वार देऊन ‘मडगांव’ लिहिणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. ज्या पिढीला या ॲपची सर्वाधिक गरज आहे, तीच पिढी अनुस्वार देते.

याहून गंभीर दोष माहितीच्या व्याप्तीचा आहे. मंगेशी, मार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी, बांदोडा, शिरोडा या पट्ट्यातल्या नोंदी इतक्या नेटक्या आहेत की काही ठिकाणी समितीच्या पत्रिकेपेक्षा ॲप अधिक सांगते. चौघे याच भागात वाढले. कोणाला फोन करायचा, हे त्यांना ठाऊक आहे. तिसवाडी आणि डिचोलीपर्यंत हे बऱ्यापैकी टिकते. पेडण्यात दशावतारी काल्यांच्या नोंदी तुटक आहेत आणि सांगे, केपे, काणकोण इथे पोहोचेपर्यंत ॲप जवळजवळ रिकामे होते. रिकामे असणे हा पहिल्या प्रयत्नात अपराध नव्हे, पण रिकाम्या तालुक्यावर बोट ठेवले की ‘या आठवड्यात कार्यक्रम नाहीत’ असे ठाम वाक्य समोर येते. काणकोणात त्याच रात्री तीन ठिकाणी पेटीवर सूर लागलेला असू शकतो. तिथे ‘आमच्याकडे या तालुक्याची माहिती अजून आलेली नाही’ असे लिहायला हवे आणि त्याखाली पत्रिकेचे छायाचित्र पाठवण्याची सोय हवी. ही सोय ॲपमध्ये आहेसुद्धा, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडवून ठेवल्यासारखी आहे.

तांत्रिक बाजूने पाहता ॲप हलके आहे आणि बंद पडत नाही. माहितीचा साठा गूगलच्याच फायरबेस सेवेवर, तिच्या मोफत योजनेत ठेवला आहे. त्या योजनेत दिवसाला 50,000 नोंदी वाचण्याची मुभा असते आणि ही संख्या वाटते तितकी मोठी नाही : ॲप उघडताक्षणी मोसमातल्या, समजा, 400 नोंदी मागवल्या, तर ते 125 वेळा उघडले जाताच दिवसाचा कोटा संपतो आणि नेमक्या मोठ्या जत्रेच्या दिवशी सर्वांचा पडदा कोरा राहतो. हे लक्षात आल्यावर त्यांनी फक्त चालू आठवडा मागवून फोनमध्ये साठवण्याची पद्धत घेतली. तिचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे, कारण जत्रेच्या गर्दीत नेटवर्क गुदमरते आणि तरीही साठवलेले कार्यक्रम दिसत राहतात.

परवानग्या मागण्याच्या बाबतीत मात्र घाई झाली आहे. ॲप पहिल्यांदा उघडताच, एकही कार्यक्रम दाखवण्यापूर्वी, ते स्थान कळवण्याची आणि सूचना पाठवण्याची परवानगी मागते. अनोळखी ॲपला पहिल्या भेटीत कोणीही शहाणा माणूस ‘नको’ म्हणतो. अँड्रॉइड 13 पासून सूचनांनाही वापरणाऱ्याची स्पष्ट संमती लागते, आणि दोनदा नकार मिळाला की ॲपला ती पुन्हा विचारता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती देण्याचा खटाटोप फार थोडे लोक करतात. ‘आज रात्री तुमच्या गावात नाटक’ ही सूचना या ॲपचा प्राण आहे. एखाद्या कार्यक्रमापुढची घंटा वाचकाने स्वतःहून दाबली, की त्या क्षणी परवानगी मागावी. स्थानाची तर गरजच नाही, तालुका निवडता येतो.

चाचणीच्या टप्प्याविषयी वाचकांना थोडी माहिती हवी. 13 नोव्हेंबर 2023 नंतर गूगल प्लेवर उघडलेल्या वैयक्तिक विकासक-खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुले करायचे, तर आधी ते ठरावीक लोकांकडून सलग 14 दिवस तपासून घ्यावे लागते. सुरुवातीला या कामाला किमान 20 माणसे लागत; डिसेंबर 2024 मध्ये हा आकडा 12 वर आणला गेला. हौशी नाटकाच्या रंगीत तालमीला घरचीच मंडळी बसवावी, तसे या चौघांनी भावंडे, शेजारी आणि नाट्यमंडळातले सहकारी गोळा केले. त्यातून एक अडचण पुढे आली, जी गोव्यातल्या घरोघरी असावी : एका ज्येष्ठ काकांच्या फोनमधले गूगल खाते मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर होते, त्यामुळे आमंत्रण काकांच्या ईमेलवर आले आणि दुवा उघडताच ‘ॲप उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले. घरच्या माणसांचा आणखी एक तोटा असा की ती कौतुक करतात. चाचणीतले अभिप्राय खासगी असतात, बाहेर कोणाला दिसत नाहीत. तिथे तरी स्पष्ट बोलणारी दोन-चार माणसे दूरच्या तालुक्यांतून घ्यायला हवी होती.

जाहिरातीची तयारी जोरात आहे. खाज्याच्या आणि चण्यांच्या दुकानांवर चिकटवण्यासाठी क्यूआर कोडचे कागद छापून झाले आहेत, छोट्या चित्रफिती तयार आहेत आणि प्रत्येक कार्यक्रमाचे सुबक चित्र बनवून व्हॉट्सॲपवर पाठवण्याचे बटण ॲपमध्येच दिले आहे. हे बटण उत्तम चालते. इतके उत्तम, की चित्रात सगळे वाचून झाल्यावर ॲप घेण्याचे कारणच उरत नाही. चित्रात नाटक आणि तारीख असावी, गाडी लावण्याची जागा आणि पालखीचा अंदाज पाहण्यासाठी ॲप उघडावे लागावे, एवढा बदल पुरेसा आहे. माझा मुख्य आक्षेप मात्र त्या कागदांवरच्या आणि गूगल प्लेवरच्या 80 अक्षरांच्या लहान वर्णनातल्या एका शब्दाला आहे. तिथे ‘संपूर्ण गोव्यातील’ असे लिहिले आहे. आत बाराही तालुके नावाला आहेत आणि खरा भरणा एका तालुक्याचा आहे. काणकोणातल्या माणसाने हे वर्णन वाचून ॲप घेतले, तर तो दुसऱ्या दिवशी ते काढून टाकील, एक तारा देईल आणि पुढच्या वर्षी माहिती पुरी झाल्यावर त्याला परत बोलावणे फार कठीण जाईल. ‘फोंडा आणि परिसरातील जत्रा, काले व नाटके’ एवढेच लिहिले, तर फोंड्यातला एकही वाचक कमी होणार नाही आणि बाहेरचा कोणी दुखावणार नाही. मी हे त्यांना सांगितले तेव्हा हिशेब लिहिणाऱ्याला पटले आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला पटले नाही; नाटकाची जाहिरात थोडी मोठ्या आवाजातच करायची असते, असे त्याचे म्हणणे पडले.

फोंडा, तिसवाडी किंवा डिचोलीत राहणाऱ्या आणि उत्सवी नाटकांच्या मागे फिरणाऱ्या रसिकाने खुले होताच हे ॲप अवश्य घ्यावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि तूर्त जाहिरातीही नाहीत. सासष्टीतल्यांनी पत्रिका जपून ठेवावी आणि ॲपही ठेवावे. त्यापलीकडच्यांनी एक मोसम थांबावे, किंवा आपल्या गावच्या पत्रिकेचे छायाचित्र पाठवून ती थांबण्याची मुदत स्वतःच कमी करावी. आयफोनवर ॲप येण्यासाठी बराच वेळ लागेल असे दिसते, कारण गूगलचे नोंदणीशुल्क 25 डॉलर एकदाच भरावे लागते आणि ॲपलचे 99 डॉलर दरवर्षी. हा खर्च चौघांत वाटला तरी अजून खिशातूनच जाणार आहे.