टाइट लायवरून चिप: पटर, आठ नंबर की वेज?

गोल्फमध्ये चेंडू ग्रीनबाहेर (भोक आणि ध्वज असलेल्या गुळगुळीत हिरवळीबाहेर) दहा-पंधरा पावलांवर आहे, गवत अगदी बारीक कापलेलं आहे आणि चेंडूखाली उशी म्हणून काहीच नाही. यालाच टाइट लाय म्हणतात, आणि इथून ग्रीनवर मारायचा छोटा, बुटका फटका म्हणजे चिप. रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, क्लब थोडा मागे उतरला तरी गवत सांभाळून घेतं. इथे तीच चूक जमिनीत रुतते आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन थांबतो. त्या धास्तीने खेळाडू ऐन वेळी अंग वर उचलतो, मग ब्लेड (क्लबची खालची धार) चेंडूच्या पोटात बसतं आणि चेंडू थेट ग्रीनच्या पलीकडे जातो. म्हणून टाइट लायवर क्लब निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: फटका बिघडला तर चेंडू कुठे जाईल?

या कसोटीवर पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवणारा क्लब, सगळ्यात वर येतो. बिघडलेला पटही बहुधा ग्रीनवर पोचतो. मार्टिन कायमरने 2014 ची यूएस ओपन अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट क्रमांक 2 या मैदानावर आठ फटक्यांनी जिंकली, तेव्हा ग्रीनबाहेरून तो पुन्हा पुन्हा पटरच काढत होता. तिथल्या ग्रीनच्या कडा उतरत्या आणि आजूबाजूचं गवत बारीक, त्यामुळे चेंडू जमिनीवरून नेणं शहाणपणाचंच होतं. जगातल्या अव्वल खेळाडूला यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा? अडचण एवढीच की मधलं गवत ओलं असेल, लांब असेल किंवा त्याचा कल आपल्या दिशेने असेल, तर चेंडू किती अडेल याचा अंदाज फार चुकतो. मध्ये स्प्रिंकलरचं झाकण किंवा खळगा असला तरी पटर ठेवून द्यावा.

दुसरा पर्याय आठ किंवा नऊ नंबरच्या आयर्नने (तिरप्या तोंडाच्या धातूच्या क्लबने), पटसारख्या हालचालीने मारलेली चिप. हौशी खेळाडूने आधी हीच शिकावी असं माझं ठाम मत आहे. चेंडूच्या जवळ उभं राहायचं आणि हात थोडे उंच धरायचे, म्हणजे शाफ्ट (क्लबचा दांडा) पटरसारखा उभा होतो, क्लबची टाच (डोक्याची दांड्याकडची बाजू) जमिनीवरून सुटते आणि फक्त टोकाकडचा भाग टेकतो. चेंडू मधोमध किंवा किंचित मागे, वजन पुढच्या पायावर, मनगटं शांत. सोलचा (क्लबच्या तळाचा) इतका थोडा भाग जमिनीला लागतो की तो रुतायला फारसा वावच उरत नाही. टोकाकडे लागलेला चेंडू मऊ निघतो, म्हणून हालचाल वाटते त्याहून थोडी मोठी ठेवावी लागते. शिवाय टाच उचलली की फेस (चेंडूला लागणारी बाजू) किंचित उजवीकडे बघतो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी), तेवढं निशाण्यात धरावं. चिपला पटची हालचाल वापरा, हे अमेरिकन गोल्फपटू पॉल रनियनही शिकवत. ते लांब मारणाऱ्यांपैकी नव्हते, तरी 1938 च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात त्यांनी लांब मारणाऱ्या सॅम स्नीडला 8 आणि 7 ने (सात होल बाकी असतानाच आठ होलची आघाडी घेऊन) हरवलं.

अंतराचा ढोबळ हिशेब असा: सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर आठ नंबरचा चेंडू एक भाग हवेत गेला तर साधारण तीन भाग घरंगळतो, पिचिंग वेजचा दोन, सँड वेजचा जवळपास एक (वेज म्हणजे फेस जास्त तिरपा असलेले, चेंडू उंच उडवणारे क्लब). म्हणजे ध्वज ग्रीनच्या अलीकडच्या कडेशी असेल तर आठ नंबर हमखास पुढे निघून जाणार. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर पटर आणि आठ नंबर दोन्ही बाद.

तिथे वेजला पर्याय नाही, आणि वेजबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत. नेहमीचा सल्ला असतो की चेंडू मागे ठेवा, हात पुढे झुकवा आणि खाली मारा. पण शाफ्ट जितका पुढे झुकेल तितका बाऊन्स (सोल धारेपेक्षा किती खाली उतरतो तो कोन) कमी होतो आणि लीडिंग एज, म्हणजे पुढची खालची धार, कुदळीसारखी जमिनीत घुसते. ओल्या, मऊ जमिनीवर तर हे नक्कीच घडतं. त्यापेक्षा शाफ्ट जवळजवळ उभा, चेंडू मधोमध, फेस जरासा उघडा, छाती फिरती ठेवली की सोल जमिनीवरून सरकतो आणि इंचभर आधी टेकला तरी फटका निभावतो. बाऊन्समुळे धार वर उचलली जाऊन चेंडूच्या पोटात बसेल, ही भीती सगळ्यांनाच असते. ती मोजून बघावी. चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर, म्हणजे मध्य जमिनीपासून 21 मिलिमीटरहून वर. धार चार-पाच मिलिमीटर उचलली गेली तरी ती मध्याच्या बरीच खाली असते. अट एकच, चेंडूशी पोचल्यावर हात थांबवायचे नाहीत.

तरी हा फटका सरावाशिवाय स्पर्धेत काढू नये, आणि तो सराव चटईवर तर नकोच. चटईवर मागे पडलेला क्लबही घसरत पुढे जातो आणि चेंडू छान उडतो, त्यामुळे चूक कळतच नाही. बारीक गवतावर एक रेघ आखा, चेंडू न ठेवता फक्त स्विंग करा आणि सोल रेघेवर किंवा तिच्या जरा पुढे घासतो का ते पाहा. तिथे सातत्य आलं की मग चेंडू ठेवा.

नवा वेज घ्यायचा असेल तर आपण बहुतेक कुठल्या जमिनीवर खेळतो ते आधी ठरवा. कडक, भाजलेल्या जमिनीवर चार ते आठ अंशांचा बाऊन्स सोयीचा, कारण त्याहून जास्त असला तर सोल उसळू शकतो. मऊ जमिनीवर, किंवा हात खूप पुढे झुकवून खोल मारायची सवय असेल तर दहा किंवा त्याहून जास्त. दोन्हीकडे खेळणं होत असेल तर सँड वेज जास्त बाऊन्सचा आणि लॉब वेज कमी बाऊन्सचा ठेवावा, म्हणजे जमीन पाहून क्लब काढता येतो.