साडेचार हजारांची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट: रिपोर्ट राहू द्या, मॅडमना भेटा

तासगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरची मोटार जळली की लोक माझ्याकडे येतात. लेकीला अकरावीला काय द्यावं हे मला कळेना, तेव्हा मी सांगलीतल्या एका करिअर मार्गदर्शन केंद्रात गेलो. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं वाईटही लिहिणार आहे.

13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला. पोरीला 88 टक्के. आत्या म्हणाली डॉक्टर, मामा म्हणाला कॉम्प्युटर. पोरगी म्हणाली बायोलॉजी, कारण तिच्या तिन्ही मैत्रिणी बायोलॉजी घेणार होत्या. माझा प्रश्न सरळ होता: कुठला विषय घेतला की पुढं चार पैसे बरे मिळतील? फोनवर केंद्रवाले म्हणाले, त्याचंच तर आम्ही शास्त्रशुद्ध उत्तर देतो. फी 4,500. थोरल्याच्या वेळी, 2018 ला, शाळेतच सरकारी कल चाचणी झाली होती, तीही फुकट. त्याचा कल 'गणवेशधारी सेवा' असा निघाला होता. आता तो एका फायनान्सची वसुली करतो. गणवेश नाही, दरारा आहे.

टेस्ट तीन तासांची, कॉम्प्युटरवर. खोलीत एसी इतका कडक की पोरगी ओढणी गुंडाळून बसली. आकडे, शब्द, कागदाच्या घड्या, कप्प्या आणि गिअर. हा गिअर असा फिरला तर शेवटचा कुठल्या बाजूला फिरेल, अशा धाटणीचे प्रश्न. बाहेर आल्या आल्या म्हणाली, "पप्पा, निम्मे प्रश्न आपल्या दुकानातलेच होते." पाचवीत असल्यापासून ती सुट्टीत माझ्याशेजारी बसून कॉइलचे वेढे मोजते. मला तिथल्या तिथं पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

पण पाच दिवसांनी रिपोर्ट हातात आला आणि ते वाटणं उतरलं. 32 पानं, स्पायरल, गुळगुळीत कागद. पहिली सहा पानं कामाची: यांत्रिक तर्क सगळ्यात वर, भाषा मधेच लोंबकळलेली. ते खरंही आहे. बाकी सगळं भरताड. "आपल्या पाल्यात नेतृत्वगुण आहेत" असा एक परिच्छेद होता. कवठ्याहून आलेल्या एका पालकांचा रिपोर्ट शेजारीच होता, त्यांच्या मुलाच्या पानावर तोच परिच्छेद, स्वल्पविरामासकट. आणि माझ्या लेकीच्या रिपोर्टात लिहिलंय, "तो गटात चांगलं काम करतो." निदान मुलगी आहे एवढं तरी बघायचं.

27 वं पान म्हणजे ज्याच्यासाठी मी गेलो होतो ते. 'उद्याची जास्त पगाराची क्षेत्रं.' डेटा सायंटिस्ट, एआय इंजिनिअर, सायबर सिक्युरिटी, पुढं लाखांचे आकडे. हा पगार पहिल्या वर्षाचा का पंधराव्या, एवढंही लिहिलेलं नाही. आम्ही मोटारीवर एचपी लिहितो तेव्हा सोबत व्होल्टेजही लिहितो.

मग केंद्रातल्या मार्गदर्शक मॅडमची भेट. चाळीस मिनिटं. रिपोर्ट त्यांनी बाजूला सारला आणि म्हणाल्या, "काका, 2030 चा पगार मी सांगू शकत नाही. कुठला विषय सोडला तर कुठला फॉर्म भरता येणार नाही, एवढं नक्की सांगते." आणि पाठकोऱ्या कागदावर पेननं लिहायला लागल्या. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच. नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, बायोलॉजी. बी. फार्मसीला मॅथ्स किंवा बायोलॉजी, एक असलं तरी चालतं. एनडीएतून, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, हवाई दल किंवा नौदल हवं तर फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, भूदलाला कुठलीही शाखा. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपमध्ये 200 पैकी 100 गुण एकट्या मॅथ्सचे, कारण त्याच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी 2. पोरीला विचारलं, "मॅथ्स आवडत नाही का जमत नाही?" ती म्हणाली, "जमतं, पण मैत्रिणी…" वाक्य तिनंच अर्धं सोडलं.

बायफोकलचं, म्हणजे अकरावी-बारावीच्या सायन्सला इलेक्ट्रॉनिक्ससारखा व्यावसायिक विषय जोडण्याचं, तर मला माहीतच नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्स 200 गुणांचा घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. म्हणजे मॅथ्स ठेवून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर बायोलॉजी जातं. "नीट नक्की द्यायची नाही ना, हे आधी ठरवा," हे मॅडमनी दोनदा बजावलं. 32 पानांत बायफोकल हा शब्द नाही. कवठ्याच्या मुलाला कॉमर्सला जायचं होतं, मॅथ्स टाळून, आणि पुढं सीए. त्याला त्यांनी एवढंच सांगितलं की सीए फाउंडेशनला गणित-संख्याशास्त्राचा पेपर आहेच.

निघताना काउंटरवरच्या पोरानं 'इंटिग्रेटेड' क्लासचं पत्रक हातात दिलं. कॉलेजला फक्त नाव, बसायचं क्लासला, दोन वर्षांचे 1 लाख 80 हजार. नको म्हटलं तरी तीन दिवस फोन येत होते. पाच ताऱ्यांपैकी यासाठी एक तारा कापला, रिपोर्टसाठी आणखी एक. तीन राहिले, ते मॅडमचे.

ऑनलाइन फॉर्मला 10 पसंतीक्रम देता येत होते. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं, म्हणून बायफोकल आहे का हे आधी कॉलेजात जाऊन विचारलं आणि मगच क्रमांक टाकले. तिसरं लागलं. इलेक्ट्रॉनिक्स मिळालं.

जायचंच असेल तर फक्त भेटीची वेगळी फी आहे का, ते विचारून बघा. मला म्हणाले, पॅकेजच घ्यावं लागतं.