गोव्यात डिचोलीतलं टॅक्स रिटर्न भरून देणारं ऑफिस: एकाचा पगार आणि एकाचं दुकान असलेल्या घरांनी नक्की जावं

बसस्टँडपासून चालत जाता येतं, पहिल्या मजल्यावर दोन टेबलांचं छोटं ऑफिस आहे, मॅडम स्वतः बसतात आणि मदतीला एक मुलगी. एसी नाही, जुलैत गर्दी एवढी की जिन्यावर उभं राहावं लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर यायला दोन दिवस लागतात. तरी मी पाचपैकी पाच स्टार देतोय, कारण माझ्या घराला लागू असलेला टॅक्सचा नियम मला पहिल्यांदा नीट इथंच कळला.

माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान, बायको शिक्षिका. याआधी एका मोबाईल अ‍ॅपवरून रिटर्न भरायचो, पण गोव्याचे आहात का, पोर्तुगीज सिव्हिल कोड (लग्न आणि मालमत्तेचा गोव्यातला जुना पोर्तुगीज कायदा) लागतो का, हे तिथं कधी कुणी विचारलंच नाही. मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केलाय का? नाही म्हटल्यावर त्यांनी आयकर कायद्यातलं कलम ५अ काढून दाखवलं. आपल्याकडे असा करार नसेल तर पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे दुकानाचा नफा, खोलीचं भाडं, एफडीचं व्याज, नवराबायकोत अर्धं अर्धं वाटलं जातं आणि दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. सहज नावाचा सोपा फॉर्म मग चालत नाही. पगार मात्र ज्याचा त्याचा.

यानंतर त्यांनी कोऱ्या कागदावर जे गणित मांडलं त्याच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितोय. नवीन करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, पगारदाराला वर ७५ हजारांची वजावट म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत काही नाही, हे सगळ्यांना माहीतय. आता समजा वजावट जाऊन बायकोचा पगार ११ लाख आणि नवऱ्याच्या दुकानाचा नफा ४ लाख. गोव्याबाहेर हेच घर असतं तर दोघांनाही शून्य. इथं नफ्यातले २ लाख बायकोकडे जातात, ती १३ लाखांवर पोचते, सूट गेली, आणि टॅक्स वरच्या १ लाखावर नाही तर थेट ४ लाखांच्या पुढून मोजला जातो, २० हजार अधिक ४० हजार अधिक १५ हजार, वर ४ टक्के सेस, एकूण ७८ हजार रुपये! बाराच्या थोडंसंच वर गेलं तर सवलत आहे पण १३ लाखांना तिचा काही उपयोग होत नाही. घरात येणारा पैसा तेवढाच, फक्त राज्य वेगळं.

उलटंही होतं हेही त्यांनी सांगितलं, म्हणजे एकट्याच्या धंद्यात २० लाख नफा आणि दुसऱ्याचं उत्पन्न काहीच नाही तर १० आणि १० होऊन टॅक्स शून्य, गोव्याबाहेर त्यालाच २ लाख ८ हजार भरावे लागले असते. म्हणजे मोठ्या धंद्याला फायदा आणि नोकरी करून छोटं दुकान चालवणाऱ्या घराला फटका, हे मला अजिबात पटत नाही. वाटणीचा हक्क चांगलाच आहे, तो काढू नका, घरच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा कायद्यानं मानलाय याचा मला अभिमान वाटतो, पण टॅक्सपुरतं वाटून भरायचं की नाही हे दरवर्षी जोडप्याला निवडू द्या. आणि पगारदाराला ७५ हजार मिळतात तशी काहीतरी सरळ वजावट छोट्या दुकानदारालाही द्या, आम्हीपण सकाळी आठपासून उभे असतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवीन कायदा आलाय, भाषा सोपी केलीय, करनिर्धारण वर्ष वगैरे जाऊन नुसतं कर वर्ष झालंय, हे चांगलंच झालं. पण ही वाटणी तिथंही तशीच आहे. भाषा सोपी झाली, ७८ हजार कुठं कमी झाले?

माझ्या आधी एक ट्रकवाले काका बसलेले. खाणी बंद पडल्या तेव्हापासून आपल्याकडे ट्रकवाल्यांचे काय हाल झाले ते डिचोलीकरांना सांगायला नको. त्यांना मॅडम समजावत होत्या की अंदाजे उत्पन्नाची पद्धत घेतली तर १२ टनांवरच्या ट्रकला टनामागे महिन्याला १००० रुपये धरतात, ट्रक दारात उभा असला तरी, मालकीचा प्रत्येक महिना मोजतात. कमी दाखवायचं तर हिशेबाची पुस्तकं आणि ऑडिट. काकांना त्यांनी घाई केली नाही, मागे आम्ही सगळे ताटकळत असूनही अर्धा तास दिला, आणि मला ते आवडलं.

फी दोघांच्या रिटर्नची मिळून घेतात, आधीच सांगतात आणि पावती देतात. खाली पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या. दोघांचं पॅन आणि आधार, दोघांच्या सगळ्या बँक खात्यांची स्टेटमेंटं, भाड्याचा करार असेल तर तो आणि शक्यतो जोडीदारालाही सोबत न्या, कारण अर्धे प्रश्न त्यालाच विचारतात. जूनमध्येच जा, चवथीच्या खर्चाच्या आधी रिफंड हातात पडायची शक्यता जास्त.